रंग न धरणारी खुर्ची

मैत्रेयीचं बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील पाटबंधारे खात्यात होते. घरातल्या टेबलावर, खुर्च्यांवर, अगदी आईच्या कपाटावरही पांढऱ्या ऑइलपेंटनं खात्याचा नंबर घातलेला असे. बदली झाली की ते सामान तिथंच राही आणि नव्या गावात दुसऱ्या नंबरांचं सामान वाट बघत असे. त्यामुळे असेल, पण नवऱ्याची, निनादची, बँकेतली बदली बनारसला झाली आणि राजा घाटामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन रिकाम्या खोल्या मिळाल्या, तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं, या घरात येईल ती वस्तू आपली असेल.

नवं फर्निचर परवडणारं नव्हतं. मग ती जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडू लागली. घासायचं, भेगांत लांबी भरायची, प्रायमर मारायचा आणि वर मनाजोगता रंग. एका पत्र्याच्या ट्रंकेला मोहरीचा पिवळा रंग देऊन तिनं वर जुन्या साडीची गादी टाकली, झाली बैठक. मोडक्या खिडकीचं झडप भिंतीला ठोकून त्यावर कप टांगले. निनाद म्हणाला, "एक दिवस मलाही रंग देशील तू."

खुर्ची तिला पावसाळ्याच्या शेवटी मिळाली. उंच पाठीची, शिसवी, वेताच्या बैठकीची. तिनं ती मोरपंखी रंगवली. दोन दिवसांनी बघते तर पाठीच्या वरच्या भागात एक तेलकट, काळपट डाग उमटला होता. बरोबर डोकं टेकतं तिथं. पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं. डाग पुन्हा वर आला, आणि आता त्याला डोक्याची गोलाई होती. वर्षानुवर्षं कोणीतरी तेल लावलेलं डोकं तिथं टेकलं होतं आणि ते लाकडात पार आत मुरलं होतं. शेवटी मैत्रेयीनं त्यावर एक विणलेला रुमाल टाकला.

मग आवाज सुरू झाला. दुपारी गल्ली सामसूम झाली की वेत करकरायचा. आधी हळू, मग एकदम, जसं कोणी गुडघ्यांवर हात ठेवून बसतं आणि अंग सैल सोडतं. निनादला सांगितलं, तर तो म्हणाला, "नदीकाठची हवा आहे. वेत ओल धरतो आणि वाळताना आवाज करतो." ते खरंही असेल. पण मैत्रेयी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची आणि तिचा हात कणकेत तसाच थांबायचा.

ती दुकानदाराकडे गेली. "कुणाची होती हो ती खुर्ची?"

"कोई मास्टर साहब थे, दीदी," तो म्हणाला. "आप ही के मुलुक के. काशीवास करने आए थे. गुज़र गए." मग दुकानावरून हात फिरवत सहज म्हणाला, "यहाँ आधा सामान उन्हीं लोगों का है. लोग दाह करके गाड़ी पकड़ लेते हैं. खाट-कुर्सी कौन ढोए?"

घरी येऊन मैत्रेयी दारातच उभी राहिली. ट्रंक, खुर्ची, खिडकीचं झडप. आपण इतक्या हौसेनं सजवलेलं हे घर तिला एकदम भरल्यासारखं वाटलं. बसायला कुठं जागाच नाही असं.

त्यानंतर काही दिवसांतच एक म्हातारी दिसू लागली. फिक्या रंगाचं लुगडं, हातात कापडी पिशवी. समोरच्या पायरीवर उभी राहून ती वर, यांच्या खिडकीकडे बघत असे. मैत्रेयी गॅलरीत आली की मान खाली घालून निघून जाई. एकदा मैत्रेयी धावत खाली उतरली, तर गल्लीत फक्त एक गाय होती. निनादला हे तिनं सांगितलं नाही. तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, आणि या वेळी ते पुरलं नसतं.

एका दुपारी रंगाचा वास जावा म्हणून दार सताड उघडं ठेवून ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. परतली तर म्हातारी घरात उभी होती. खुर्चीसमोर. रुमाल तिच्या हातात होता आणि ती त्या डागाकडे बघत होती.

कपडे छातीशी धरून मैत्रेयी उंबऱ्यातच थांबली.

"घाबरू नको पोरी," म्हातारी मराठीत म्हणाली. "मी आनंदी. ह्यांची खुर्ची आहे ही. दुकानवाल्यानं तुझं घर दाखवलं. कितीदा आले, पण वर यायचा धीर होत नव्हता." तिनं रुमाल परत नीट पसरला. "एकच विचारायचं आहे. इथंही वाजते का?"

मैत्रेयीनं हातातले कपडे ट्रंकेवर ठेवले.

"आम्ही वर्ध्याहून आलो दोघं, इथं देह ठेवायला. हे आधी गेले, ह्याच खुर्चीत. मग रोज दुपारी वाजायची. काशीत मेलेला सुटतो म्हणतात. मग हे कुठं बसून राहिले? भीती वाटली म्हणून विकली मी. विकली, तर दुसरीच भीती. आपणच ह्यांना परक्या घरी धाडलं."

"नाही वाजत, आजी," मैत्रेयी म्हणाली.

आनंदीबाई भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. "मग गेले," त्या म्हणाल्या. सुटल्यासारख्या नाही, तर ते आत्ता, या क्षणी गेल्याचं कळल्यासारख्या.

खुर्ची परत न्या, असं मैत्रेयीनं सुचवलं. पण आनंदीबाई राहत त्या आश्रमात एका खाटेपुरतीच जागा होती. "मग इथं येऊन बसत जा तिच्यात."

"त्यांच्या खुर्चीत मी कधी बसले नाही."

पण त्या येऊ लागल्या. पिवळ्या ट्रंकेवर बसायच्या, वाटाणे सोलून द्यायच्या, वर्ध्याच्या गोष्टी सांगायच्या. मैत्रेयीचे कान खुर्चीकडे असत. आपलं खोटं केव्हा उघडं पडेल या धास्तीनं ती मोठ्यानं बोले, भांडी वाजवी. थंडीच्या एका दुपारी दोघी चहा घेत असताना, बोलणं थांबलेलं असताना, वेत करकरला. आधी हळू, मग एकदम.

मैत्रेयीनं मान वर केली नाही. आनंदीबाईंनी कप खाली ठेवला आणि डोक्यावरून पदर घेतला.

"अजून एक कप टाक," त्या म्हणाल्या. "साखर कमी."

मैत्रेयीनं चहा केला आणि खुर्चीजवळ ठेवला. तो निवेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.

होळीनंतर आनंदीबाई आश्रमात झोपेतच गेल्या. त्यांचा मुलगा आला, विधी झाले, मुलगा गेला. काही दिवसांनी दुकानदारानं मैत्रेयीला रस्त्यात हाक मारून सांगितलं, आश्रमातून एक खाट आली आहे, लाकूड चांगलं आहे. तिनं जाऊन पाहिली. एका बाजूची नवार सैल पडली होती. तिनं त्या खोलगट जागेवर थोडा वेळ हात ठेवला आणि हमालाला पत्ता सांगितला.

संध्याकाळी निनादनं विचारलं, "हिला कुठला रंग?"

"राहू दे काही दिवस अशीच," मैत्रेयी म्हणाली, आणि खाट खिडकीच्या उजेडात सरकवायला त्याला दुसरीकडून धरायला सांगितलं.