रुक्मिणीबाईंना सांगितलं नाही

सुरतेतल्या एका खाजगी इस्पितळात रुक्मिणीबाई बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. मूळच्या नांदेडकडच्या. नवरा गेल्यावर शहरातल्याच बमरोली भागात लेक शुभमसोबत राहायच्या. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात तरुण डॉक्टरांसाठी वर्ग सुरू झाला: कॅन्सरसारखी वाईट बातमी पेशंटला कशी सांगावी. पेशंटचं सोंग घ्यायला कुणीतरी हवं होतं. रुक्मिणीबाई पहिल्याच दिवशी अशा काही रडल्या, की पुढे दर महिन्याला त्यांनाच बोलावणं येऊ लागलं.

डॉक्टर गौरी त्यांच्यासमोरच शिकल्या. पहिल्यांदा उभ्याउभ्याच बोलून मोकळ्या झाल्या, तेव्हा रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मॅडम, आधी बसा. मला कितपत ठाऊक आहे ते विचारा. मग सांगा." मराठी बोलणारी ही मुलगी त्यांना घरचीच वाटायची.

गेल्या वर्षी त्यांचा खोकला हटेना. गौरींनीच तपासण्या करवल्या. रिपोर्टच्या दिवशी गौरींनी एकट्या शुभमला आत बोलावलं. मग दोघांनीही त्यांना सांगितलं, फुप्फुसाला सूज आहे, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यावं लागेल. कॅन्सरच्या औषधानं केस जातात एवढं रुक्मिणीबाईंना माहीत होतं. त्यांचे गेले नाहीत. शंका यायचं कारणच नव्हतं.

तिसऱ्या सलाईननंतर जुलाब लागले. शेजारच्या लग्नातलं जेवण बाधलं असेल, म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि चार दिवस अंगावर काढले. पाचव्या दिवशी मोरीतच कोसळल्या. इस्पितळातले अनोळखी डॉक्टर चिडले, "कॅन्सर की इम्युनोथेरपी चल रही है. ये दवा कभी-कभी आंतों पर उलटती है. दस्त लगते ही आना था, किसी ने बताया नहीं?"

"कोणाला कॅन्सर?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

शुभम भिंतीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या, कॉटशेजारी बसल्या. "मावशी, शुभमनं हात जोडले. म्हणाला, आई खचेल. या औषधानं केसही जात नाहीत, म्हणून लपून राहिलं."

"आणि तुम्ही ऐकलं? वर्गात मी किती वेळा रडले तुमच्यापुढं. तेव्हा नाही खचले?"

"माझं चुकलं."

"मरता मरता वाचले मी, मॅडम. दुखणं माझं, अन् ठाऊक तुम्हा दोघांना."

रुक्मिणीबाईंनी कूस बदलली.

स्टेरॉइडनं जुलाब आटोक्यात आले. कॅन्सरचं सलाईन थांबवलं. वर्गाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नाही म्हणून कळवलं. शुभमशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं.

दोन महिन्यांनी नवा स्कॅन झाला. शुभम रिपोर्ट घेऊन धावत घरी आला. "आई, त्या तीन सलाईननीच गाठ निम्म्यानं कमी झाली!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रुक्मिणीबाईंनी रिपोर्ट पिशवीत घातला, रिक्षा केली आणि सुरतेबाहेर कामरेजच्या एका अनोळखी डॉक्टरांकडून तो वाचून घेतला. गाठ खरंच निम्म्यानं कमी झाली होती. त्यांनी तो आणखी एकदा वाचायला लावला.