कायदेशीर पाडलेली टपरी

मी गाडी मागे घेताना दिराची टपरी पाडली हे खरं आहे; पण कायदेशीर पाडली. माझ्याकडे लायसन्स होतं, गाडीचं पीयूसी होतं आणि कायद्याला लागतो तेवढा विमाही होता. तेवढाच. कणभरही जास्त नाही!

मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. जे लागत नाही ते मागवायचं नाही, हा माझा धर्म. त्यामुळे गाडीच्या विम्याची मुदत संपत आली तेव्हा एजंट पवारभाऊंना मी फोनवर स्पष्ट विचारलं, "गाडी रस्त्यावर आणायला कायद्याने कमीत कमी काय लागतं?"

"थर्ड पार्टी, ताई. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते कंपनी भरते. पण तुमच्या स्वतःच्या गाडीला काही झालं तर..."

"मला काही होत नाही. तेवढंच द्या."

"फुल इन्शुरन्स घ्या की! तुमच्या भाजे गावचा रस्ता अरुंद, त्यात शनिवार-रविवारची गर्दी..."

"गर्दी म्हणजे दुसरेच ना? त्यांची सोय केली ना मी? झालं तर मग!"

(आमचे हे शेजारी बसून मान हलवत होते. हो म्हणून की नाही म्हणून, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळत नाही.)

भाज्यात लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि अंगणाच्या कडेला किसनची, म्हणजे माझ्या दिराची, चहा-भज्यांची टपरी. पर्यटक येतात शनिवार-रविवारी. किसनचं घर त्या दोन दिवसांवर चालतं. तर त्या शुक्रवारी सकाळी मी कामावर निघाले. हे मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करत होते. मी येऊ दिलं. मग हे एकदम गप्प झाले. आता, माणूस गप्प झाला म्हणजे रस्ता मोकळा आहे, असंच कुणीही समजेल! पुढच्या क्षणी टपरीचा खांब कलला, छपराचा पत्रा सावकाश, अगदी विचार करून खाली आला आणि कढई घरंगळत गटारात जाऊन बसली.

किसन बनियनवरच धावत आला. "वैनी! आवं, काय केलंत हे?"

"रिव्हर्स."

"उद्या शनवार हाय! गिऱ्हाइकं काय तुमच्या डिकीत बसवू व्हय?"

"ओरडू नका भाऊजी. तुम्ही थर्ड पार्टी आहात," मी शांतपणे म्हणाले. खरं सांगते, मला आनंदच झाला होता. विमा ज्यासाठी काढला, नेमकं तेच घडलं होतं! मी तिथूनच पवारभाऊंना फोन लावला. स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू दे.

"भरपाई मिळते ताई," पवारभाऊ म्हणाले, "पण अशी फोनवर नाही. पोलिसांत नोंद करायची, मग मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा. ज्याचं नुकसान झालं त्याने. गाडीच्या मालकावर आणि चालवणाऱ्यावर."

"म्हंजी म्या वैनीवर केस करायची?" किसन दचकला.

"करा की! बिनधास्त करा! मी चहा टाकते, पिऊन निघा."

"आन् त्यानं उद्यापत्तुर पत्रा मिळंल?"

"घरात भांडणं नकोत," हे म्हणाले. (आता तोंड उघडलं! मघाशी कुठे गेलं होतं?)

"भांडण नाही, दावा आहे. पवारभाऊ, तुम्ही कागद सांगा."

"टपरी कुणाच्या नावावर आहे?"

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर माझे सासरे, आबा, बशीतून चहा पीत होते. आमच्याकडे काहीही घेतलं की मानाने आबांच्या नावावर घ्यायची पद्धत. घर त्यांचं, लाइटचं मीटर त्यांचं. टपरीची ग्रामपंचायतीची पावतीसुद्धा त्यांच्याच नावाने फाटते.

"टपरी माजी," आबा म्हणाले.

"आणि गाडी?"

"ती बी माजीच. पेढं वाटलं व्हतं की!"

फोनमध्ये पवारभाऊ खोकले. "ताई, मग अवघड आहे. गाडीच्या मालकाचीच वस्तू थर्ड पार्टीत बसत नाही. आबांना आबांवरच दावा लावावा लागेल."

"लावतो की!" आबा हुरूप येऊन उठले. "दोनी बाजूंनी मीच. मंग हारतोय कशाला?"

"आबा, पैसे मिळणार नाहीत," मी म्हणाले.

"मंग ह्या इम्यात बसतं तरी कोन?"

"घराबाहेरचे सगळे," पवारभाऊ म्हणाले.

"आगं, मंग भायेर न्हेऊन ठोकायची व्हतीस, सूनबाई! फुडं पाटलाचा येवढा गोठा हाय!"

मी हार मानली असं कुणी समजू नये. रजा टाकली, यांना शिडीवर चढवलं, बांबू आणि ताडपत्री आणली आणि शनिवारी सकाळी टपरी उघडली. भजी तळायला मीच उभी राहिले. छप्पर कुठे गेलं, असं कुणी विचारलं की किसन म्हणायचा, "त्या इन्शुरन्सवाल्या बाईंना इचारा." मी प्रत्येकाला थर्ड पार्टी आणि फुल यातला फरक नीट समजावून दिला. दुपारनंतर सगळी गिऱ्हाइकं भजी पार्सल मागायला लागली.

किसनचा शनिवार निभावला. नवा पत्राही आला, माझ्या पगारातून. आता तरी फुल इन्शुरन्स घे, असं घरातले सगळे म्हणाले. नाही घेतला! चूक विम्याची नव्हतीच, नावाची होती. मी आरटीओत जाऊन गाडी माझ्या नावावर करून घेतली, विमाही. म्हणजे आता घर, टपरी, कुंपण, खुद्द आबा, सगळे माझे थर्ड पार्टी! आबांना तसं सांगितलंसुद्धा. तेव्हापासून मी चावी उचलली की ते ओट्यावरून आत जातात.

पुढच्याच आठवड्यात गाडी मागे घेताना कर्रकन आवाज आला. मी अजिबात घाबरले नाही. उलट उत्साहाने उतरले. "कुणाचं काय मोडलं? काळजी करू नका, विमा आहे!"

बंपरखाली स्कूटर आडवी झाली होती. अख्ख्या घरात पहिल्यापासून आबांच्या नावावर नसलेली ती एकुलती एक वस्तू. मी माझ्या पैशांनी, माझ्या नावावर घेतलेली.

दोन्ही गाड्यांचा थर्ड पार्टी विमा चालू आहे, कागद फायलीत क्रमाने लावलेले आहेत. अपघातात कमी पडला तो फक्त दुसरा माणूस!