शिवण तयार आहे

"खोटं एकदाच बोलायचं असतं, पुढे आयुष्यभर नुसती त्याची देखभाल," असं ती एकदा नव्या परिचारिकेला म्हणाली होती.

रुग्णालयातल्या एचआयव्हीच्या औषधकेंद्रात ती अकरा वर्षं समुपदेशक होती. रुग्ण तिला ताई म्हणत. बहुतेकांच्या घरी आजार ठाऊक नसे, म्हणून त्यांना फोन करताना ताई निरनिराळी माणसं व्हायची. कुणासाठी विमावाली, कुणासाठी शाळेतली मैत्रीण, एका ट्रकवाल्यासाठी तर टायरच्या दुकानातली कारकून. कोणासाठी आपण कोण, हे ती कधी लिहून ठेवत नसे. सगळं डोक्यात.

साथ आली आणि केंद्राचा मजला नव्या आजाराच्या रुग्णांना गेला. गोळ्यांचं कपाट जिन्याखाली, मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी आलं. दोन सहकारी साथीच्या वॉर्डात ओढल्या गेल्या, औषधं देणारा स्वतःच तापाने पडला. रस्ते बंद होते, गाड्या बंद होत्या, पण लोकांच्या डबीतल्या गोळ्या संपायच्या काही थांबत नव्हत्या. ताई जिन्याखाली स्टुलावर बसून सकाळपासून फोन लावायची. मास्कच्या दोरीने कानामागे जखम झाली होती. दुपारपर्यंत स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

अशाच एका दुपारी, कितव्या फोनला कोण जाणे, ती सवयीने बोलून गेली, "शिवणाच्या दुकानातून बोलतेय. सूनबाईंना सांगा, शिवण तयार आहे."

फोन सासूने घेतला होता. "कुठलं दुकान?" म्हातारी म्हणाली. "दीड महिना झाला, साधा दोरा मिळत नाही कुठे. तुमचंच बरं उघडं आहे."

गेली चार वर्षं ही सून शिंपिणीकडे जाते सांगून दर महिन्याला केंद्रात येत होती. दुकानं बंद झाली तेव्हा हे सोंगही बंद झालं, एवढं साधं ताईच्या लक्षात आलं नव्हतं. सुनेच्या गोळ्या गुरुवारपर्यंतच होत्या. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. आजार त्याच्याकडूनच आलेला. म्हातारीला तो काविळीने गेला असंच सांगितलं होतं. पण असल्या बाबतीत दोष जगलेल्याच्या माथी येतो. खरं कळलं तर सासू लेकीसकट आपल्याला उंबऱ्याबाहेर काढेल, या भीतीने सुनेने एकही दिवस सुखाचा काढला नव्हता.

"मास्क शिवतोय, आजी," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"मग डझनभर मलाही आणा. आणि घरी आणून द्या. तिला नाही मी बाहेर धाडायची."

ताईच्या जावेकडे शिलाई मशीन होतं. जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. ताई रुग्णालयातून येते म्हणून हल्ली ती चार पायऱ्या वरूनच बोलत असे. मशीन तिने जिन्यात आणून ठेवलं.

"जन्मात एक बटण लावलं नाहीस, आणि आता डझनभर?"

"सगळी सोंगं आणता येतात म्हणतात."

"शिलाईचं येत नाही. अगं, पाय उलटा मारतेस. दोरा तुटेल." जरा वेळाने ती म्हणाली, "परत देताना पुसून दे हं. राग मानू नकोस."

राग मानायला तरी अंगात त्राण हवं. ताईने मान हलवली आणि चुण्या दुमडत राहिली.

बुधवारी ती तासभर चालत गेली. म्हातारी दारातच खुर्ची टाकून बसली होती. पुडक्यात वर मास्क होते, खाली फडक्यात गुंडाळलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या. म्हातारीने पुडकं मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, वरचा एक मास्क काढून घेतला आणि आत हाक मारली, "अगं, तुझं शिवण आलंय. नेऊन ठेव."

सून आली. ताईकडे न बघता तिने पुडकं दोन्ही हातांनी उचललं आणि आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. आता म्हातारी मास्क उलटा करून बघत होती.

"हे शिंपिणीचे टाके नव्हेत."

"घाई झाली, आजी."

"चार वर्षं दर महिन्याला शिंपिणीकडे जाते. अंगावर कपडे तेच ते." म्हातारीने आवाज खाली आणला. "जेवण झालं की पाणी प्यायला आत जाते आणि दार लोटून घेते. मी विचारलं नाही. विचारलं आणि पोरीला घेऊन निघून गेली तर? मला कोण आहे दुसरं? मी तिला अंतर नाही द्यायची, काळजी नका करू. मला फक्त एक सांगा. माझ्या मुलाला कावीळ नव्हती ना?"

ताईला त्याची फाईल आठवली. चारच पानांची. फार उशिरा आला होता, आणि बायकोला घेऊन आला होता. उत्तर द्यायचा हक्क त्याचा होता, आता त्याच्या बायकोचा होता. ताईचा तो कधीच नव्हता. तिने एखादं खोटं शोधून पाहिलं. अकरा वर्षं जे हाकेसरशी यायचं, त्यातलं एकही जिभेवर आलं नाही. म्हातारी तिच्या डोळ्यांकडे बघत होती. मास्कच्या वर दिसण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

ताईने रिकामी पिशवी खांद्याला लावली, पायरीवरच्या चपलांत पाय सरकवले आणि तशीच चालू लागली.