अच्युतरावांनी रंगवलेलं जहाज

आमचे अच्युतराव, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, रमेचे, यजमान. कापडाच्या मिलच्या रंगखात्यात होते. खरं तर रंगमास्तरांच्या हाताखाली, पण इंदूरच्या अख्ख्या स्नेहलतागंजात स्वतःला मास्तर म्हणवून घ्यायचे. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे चार दिवस रडले आणि कामाला लागले. कोणी रिक्षा घेतली, कोणी हातोदच्या मंडीत कांद्याच्या दुकानावर बसला. हे बसले ओट्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मिल सुरू होणार. दिल्लीत बातचीत चालू आहे." जसं काही दिल्लीवाले ह्यांनाच फोन करून विचारत होते. आत माझी बहीण साड्यांना फॉल लावून लावून डोळे फोडून घेत होती, आणि हे ओट्यावरून हुकूम सोडायचे, "अगं, चहा टाक." मला तर तो माणूस बघितला की डोक्यात जायचा.

शेवटी मीच हातपाय हलवले. पोलोग्राउंडला उदयसिंहांचा छोटा कारखाना आहे. आधी लाकडी देव्हारे बनवायचे. मग बाजार खुला झाला, नवीन नवीन कंपन्या आल्या, आणि साहेबलोकांना ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायला छोटी लाकडी लढाऊ जहाजं हवी झाली. इंदूरला समुद्र नाही, पण जहाजं इथून जायला लागली, घ्या. त्यांना रंगकामाला माणूस पाहिजे होता. मी मेहुण्यांचं नाव सांगितलं. उदयसिंह म्हणाले, "भिया, एक जहाज रंग के बता दो. जमा तो कल से काम पे."

मी ते जहाज रमेच्या घरी घेऊन आलो. हातभर लांब, तोफा-बिफा काही नाहीत, नुसतं लाकडी धड. रंगवायचं असं: पाण्यात बुडतो तो भाग तांबडा, वरचा करडा, मधे काळा पट्टा. करड्या रंगाची नमुन्याची पट्टीही सोबत दिलेली. अच्युतरावांनी नाक मुरडलं. "आम्ही थानंच्या थानं रंगवली, आता हे खेळणं?"

"करा ना हो," रमा म्हणाली. "घरात पगार येईल."

एवढंच म्हणाली. मागून घेणं तिला कधी जमलंच नाही.

मग साहेब बसले. घासायचं रमेनं, टेप चिकटवायची रमेनं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून द्यायचा रमेनं. हे फक्त रंग कालवणार. करडा कालवला तो पट्टीपेक्षा चांगलाच गडद. रमा हळूच म्हणाली, "जास्त काळा नाही वाटत?"

"ओला आहे म्हणून. वाळला की उतरतो. मला शिकवू नकोस, रंगखात्यात केस पांढरे झालेत माझे."

उतरतो, बरोबर आहे. पण तो कपडा. ओला कपडा गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. हा लाकडावरचा तेलाचा रंग होता, तो वाळून उतरत नाही. गल्लीत खिडक्या रंगवणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण मास्तर कोणाला विचारतील होय!

दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी जहाज हातात घेतलं आणि हसले. "अच्युतजी, ये तो तवे का पेंदा हो गया. कोई बात नहीं, घिस के दूसरा हाथ मार दो."

भला माणूस. आणि आमचे हे काय म्हणाले? "रंग बराबर है. आपका सैंपल ही उड़ गया है." आणि चालायला लागले. मी तिथे मेल्याहून मेलेला. दुसऱ्याचा माल बिघडवलेला, नीट करून द्यायलाच हवा, म्हणून जहाज काखोटीला मारून परत आणलं आणि खाटेवर आपटलं. "रमे, हार घाल ह्याला आणि पूजा कर."

तिनं हार घातला नाही. तो सगळा काळपट करडा घासून काढला. नवीन करडा कालवला, आधी फळीच्या तुकड्यावर लावला, खिडकीत वाळू दिला, मग पट्टीशी ताडून पाहिला. ओट्यावरून ऐकू येत होतं, "हे बायकांचं काम नाही."

टेम्पोत ती जहाज जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला पढवलं, "म्हण, ह्यांनीच दुसरा हात मारला. नोकरी पक्की." तिनं मान हलवली. मला वाटलं, सांगेलच. आयुष्यभर घरातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला "ह्यांनी केलं" म्हणत आलेली बाई.

उदयसिंहांनी जहाज उजेडात फिरवून पाहिलं. "बढ़िया. अच्युतजी ने किया?"

रमेनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जी नहीं, मैंने किया. वो नहीं आएँगे. मुझे रख लो."

आता ती रोज डबा घेऊन पोलोग्राउंडला जाते. अच्युतराव ओट्यावर सांगतात, "मिल सुरू झाली की तिला हे काम बंद करायला लावणार आहे." लोक हसतात. मीही हसतो, खोटं कशाला बोलू.

परवा रविवारी मी तिथेच होतो. रमा घरी आणलेल्या जहाजाला टेप लावत होती. अच्युतराव ओट्यावरून आत आले. मग म्हणाले, "काळा पट्टा मी मारू का?"

तिनं मान वर केली नाही. "आधी चहा टाका," म्हणाली.

आणि टाकला हो त्यांनी. अगदी पाणचट होता. मी मुद्दाम आणखी मागून घेतला.