सर, कार्बन काढा

दिनांक: कोजागिरीच्या आधीचा रविवार. वेळ: सकाळचे अकरा. स्थळ: केळापूर, सलीमभाईंचं दुरुस्तीचं दुकान.

हजर: सर. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. शेषराव, स्वतःच्या जीपसह. सलीमभाई. आणि हजेरी लिहिणारी मी.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. नेरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी एकोणीस वर्षं सहायक शिक्षिका होते. चार माणसं जमली की माझा हात आपोआप हजेरीच्या कागदाकडे जातो. त्या दिवशी परीक्षार्थी एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः सर.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. नावाने ते तुम्हाला दिसणारही नाहीत. दिसतील ते त्यांच्या डाव्या हातामुळे. सर बोलायचे, वाक्य संपायचं, आणि त्यांचा डावा हात वर उठून छातीसमोरची हवा उजवीकडे ढकलायचा. मग पुढचं वाक्य. जुन्या टाइपरायटरवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलून कागद धरणारं कॅरेज परत आणावं लागतं. सरांनी ते तीस वर्षं आणलं होतं. आता त्या हाताला मशीनचीही गरज उरली नव्हती. एका लग्नात वाढपी समोर वाकलेला असताना सरांचं वाक्य संपलं आणि वरणाची बादली शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर कलंडली. त्यानंतर नेरमधले वाढपी सरांचं बोलणं पुरतं आटोपल्याशिवाय पंगतीच्या त्या टोकाला जात नसत.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, विद्यार्थ्याच्या हातांवर रुमाल टाकून: "पाहू नोको. बोटाइले ठाऊक हाय." दुसरं, मशीनमध्ये तीन कार्बन घालून एकदम चार कॉप्या काढताना पाठीमागे उभं राहून: "मार जोरात! चौथ्या कॉपीवर उठलं पाह्यजे. पहिली कॉपी सायबाकडं जाते बाप्पा, पण चौथी ज्या बाबूकडं जाते ना, काम त्याच्याच हातात असते!" त्यामुळे आमचे विद्यार्थी असं टाइप करायचे की खालच्या किराणा दुकानात डाळीच्या बरण्या थरथरायच्या.

ती वर्षं कापसाच्या मंदीची होती. पूर्वी आमच्या सहा बॅच भरायच्या, आता दोन. जी मुलं यायची त्यांतली निम्मी ठरलेल्या वेळेनंतरही जात नसत. "मॅडम, घरी कापूस भरला हाय छतापर्यंत. बसाले जागा नाही. इथंच बसू का?" मी बसू द्यायची. बारा मशिनींपैकी पाच तशाही रिकाम्या होत्या.

त्यातच एक तपासणी अधिकारी येऊन गेले. रजिस्टर पाहिलं, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "आता कॉम्प्युटर येणार. दहा बोटांचं हे शिक्षण कोणाला लागणार आहे? लोक दोन बोटांनी भागवतात." सर काहीतरी म्हणाले, पण त्यांचा डावा हात उठला नाही. मी ते पाहिलं. म्हणजे त्यांचं वाक्य संपलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात सर एका मशीनची तुटलेली दांडी जोडायला केळापूरला गेले आणि संध्याकाळी परत आले ते दांडी तिथेच विसरून.

"मॅडम, म्या आज एक चीज पाह्यली," खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. "साडेतीन फुटाची फळी. बारा तारा. पोट नाही, छेद नाही, काही नाही. गळ्यात पट्टा, कमरेले हूक, अन् फळी अशी उभी छातीवर. तार छेडाची नाही, ओढाची नाही. वरतून बोट टेकवलं का वाजते! उजवा हात गाणं वाजवते, डावा हात खालचे जाड सूर. दोन्ही हात, दहा बोटं. टायपिंग हाय मॅडम, टायपिंग!"

ते वाद्य सलीमभाईंचं. पंधरा वर्षं ते आखातातल्या एका हॉटेलात वाजवायचे. मधुमेहाने त्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली तेव्हा ते गावी परतले आणि ॲम्प्लिफायर, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करू लागले. वाद्य विकायचं होतं. पण यवतमाळच्या एका डीजेवाल्याने ते स्टेजवर शोभेला टांगायला मागितलं, तर त्यांनी त्याला दुकानातून घालवलं होतं. सरांनाही त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "मास्टर, पैसा बाद में. पहले दोनों हाथ से एक गाना बजा के दिखाओ, बिना देखे. नहीं तो ये यहीं रहेगा."

आता अडचण पाहा. वाद्य मिळवायचं तर वाजवता आलं पाहिजे, आणि शिकायचं तर वाद्य हातात पाहिजे. मी कागदावर पर्याय लिहायला घेतले. सरांनी तोवर सुताराला निरोपही पाठवला होता.

इन्स्टिट्यूटच्या एका जुन्या बाकाची फळी निघाली. तिच्यावर सायकलच्या दुकानातल्या ब्रेकच्या बारा तारा ताणल्या. सलीमभाईंनी पुठ्ठ्यावर तक्ता काढून दिला होता, कुठल्या तारेच्या कुठल्या घरात कोणता सूर. त्याप्रमाणे मी लाल-निळ्या पेन्सिलीने घरं आखली. गाणं भुलाबाईचं ठरलं, कारण आम्हा दोघांनाही पूर्ण पाठ असलेली ती एकच चाल होती. मी ती शाळेत असल्यापासून म्हणत आले होते. सर आपल्या बहिणींच्या मागे खिरापतीसाठी उभं राहून ऐकत आले होते.

आणि शिकणं सुरू झालं. कसं, तर परीक्षेसारखं. सर फळी गळ्यात अडकवून डोळे मिटायचे. मी समोर स्टॉपवॉच आणि तक्ता घेऊन बसायची. चुकीच्या घरात बोट पडलं की एक चूक. पहिल्या आठवड्यात चुका इतक्या झाल्या की मी रकाना वाढवला. फळीतून आवाज मात्र येत नव्हता. ब्रेकच्या तारेवर बोट आपटल्यावर जेवढी टक टक होईल तेवढीच. एका नव्या मुलाने विचारलं, "सर, हे नवीन सरकारी मशीन हाय का? याची परीक्षा कधी?" सर गंभीरपणे म्हणाले, "माझी होऊ दे आंधी."

घरीही फळी जायची. वहिनी एकदा मला बाजारात भेटल्या. म्हटलं, त्रास होत असेल. "नाही बाई," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं खडखड ऐकली. हे बरं हाय. म्या तं सांगतलं त्याइले, असंच वाजवत जा जी. लय गोड वाजवता."

आठ महिन्यांनी चुकांचा रकाना रिकामा राहू लागला. सलग सहा दिवस शून्य. मी तारीख ठरवली.

शेषराव आमचा जुना विद्यार्थी. मिनिटाला तीस शब्दांच्या स्पीडला दोनदा नापास होऊन त्याने शेती आणि जीप धरली होती. सरांवर त्याचा राग नव्हता, उलट जीपवर त्याने 'सरांचा आशीर्वाद' असं रंगवून घेतलं होतं. सर म्हणायचे, हे वाचून लोक जीपमध्ये बसायला भितील. केळापूरला न्यायला शेषराव आला तो मागे दोन पोती कापूस टाकूनच.

"हे कायले?" वहिनींनी विचारलं.

"येताना वाद्याले आदळ-आपट नको म्हून. अर्धं घर भरलं हाय काकू. भाव येईन म्हून ठेवला, तो काही येऊन नाही राह्यला. आज तं कामी येईन."

"आंधी पास तं होऊ दे त्याइले," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. सर मागे, पोत्यांच्या मधे. वाटभर ते गुडघ्यांवर बोटं चालवत होते.

सलीमभाईंनी दुकानातला पसारा एका बाजूला केला, वाद्य सरांच्या गळ्यात घातलं, हूक कमरेला लावला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली. मी स्टॉपवॉच काढलं. सरांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिल्या फटक्याला ॲम्प्लिफायर असा किंचाळला की समोरच्या टपरीवरचा चहावाला उठून उभा राहिला. दुसऱ्या ओळीला शेल्फवरचा एक मिक्सर आपोआप सुरू झाला. तिसऱ्या ओळीला सगळ्यात बारीक तार तुटली. सर थांबले. आठ महिन्यांत त्यांनी स्वतःच्या हाताचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

बोटं बरोबर घरात पडत होती. तक्ता माझ्या हातात होता, मी शपथेवर सांगते, एकही चूक नव्हती. पण ते गाणं नव्हतं. ती चौथी कॉपी होती.

सलीमभाईंनी नवी तार चढवली. मग म्हणाले, "मास्टर, मारना नहीं है. बस, छूना है."

"छूतोच हाय ना भाऊ," सर म्हणाले. त्यांना खरंच समजत नव्हतं. दुसऱ्यांदा तेच झालं, फक्त तार वाचली. सलीमभाईंचा हात पट्ट्याकडे गेला. वाद्य आता काढून घेतलं जाणार होतं. सर माझ्याकडे पाहत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं. सगळे विद्यार्थी त्यांच्याकडे तसे पाहायचे.

मी जे म्हणाले ते ठरवून म्हणाले नाही. "सर, कार्बन काढा."

"काय?"

"मशीनमधून कार्बन काढा. चार कॉप्या नाहीत आज. एकच कागद आहे, तोही पातळ. जोरात माराल तर फाटेल."

 सरांनी दोन बोटांनी, अगदी हळू, समोरच्या हवेतून तीन कार्बन एकेक करून ओढून काढले आणि बाजूला ठेवले. शेषरावने ते ठेवायला जागाही करून दिली.

आणि मग त्या दुकानात भुलाबाईचं गाणं वाजलं. वर उजव्या हाताचं, अगदी मुलींच्या आवाजासारखं बारीक, आणि खाली डाव्या हाताचे ते जाड सूर, जणू अंगणाच्या कडेला कुणी मोठी माणसं गुणगुणत उभी आहेत. प्रत्येक ओळ संपली की सरांचा डावा हात तारांवरून उठायचा, हवा ढकलायचा आणि परत यायचा. तेवढा वेळ खालचे सूर बंद. मग पुन्हा सुरू.

संपल्यावर सलीमभाई आपल्या बधिर बोटांकडे पाहत बसले होते. "तीन साल से ये नीचे की आवाज नहीं सुनी," ते म्हणाले. मग डोळे पुसून हसले. "लेकिन मास्टर, हर लाइन के बाद ये किसको हटाते हो?"

"मले," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्सं झाले."

वाद्य कापसात निजून नेरला आलं. पाच रिकाम्या मशिनी आधीच विकल्या होत्या, ते पैसे त्यात गेले. परतीच्या वाटेवर सरांनी विचारलं, "मॅडम, पास का मी?"

"पास, सर."

"मंग सर्टिफिकेट?"

"सोमवारी टाइप करते."

सोमवारी परीक्षेचे फॉर्म आले. पुढे काहीतरी येतच राहिलं. शिवाय एक खरी अडचण होती. आमच्या सर्टिफिकेटवर वेगाचा रकाना असतो आणि वेग मोजलेला नव्हता. केळापूरला गाणं संपल्यावर मी हातातलं स्टॉपवॉच पाहिलं तर काटा शून्यावर. दाबायलाच विसरले होते. मी, विसरले.

त्यानंतर चार वर्षं सर रोज शेवटची बॅच सुटली की अर्धा तास वाजवायचे. मुलं दप्तरं घेऊन बसून राहायची, किराणावाला वर यायचा. दर वेळी मी स्टॉपवॉच घेऊन बसायची. सर डोळे न उघडता विचारायचे, "किती आला वो?" आणि दर वेळी काटा शून्यावर.

सर गेले तेव्हा मी करायच्या कामांची यादी केली. उरलेल्या मशिनी: दिल्या. जुनी रजिस्टरं: बांधून ठेवली. दारावरची पाटी: उतरवली, वहिनींकडे आहे. वाद्य: परत सलीमभाईंकडे. त्यांनी आता नवी अट घातली आहे, "मास्टर जैसा हटानेवाला चाहिए." यादीतल्या या सगळ्या कामांसमोर झाल्याची खूण आहे.

सात नंबरचं मशीन मात्र मी घरी आणलं. त्यात सर्टिफिकेट चढवलेलं आहे, एकच कागद, कार्बन नाही. नाव टाइप झालं आहे, विषय झाला आहे, निकाल 'उत्तीर्ण' झाला आहे. वेग भरायचा राहिला आहे.