तेवढ्याच जागेला प्रायमर नाही

खरवडआबा दारातून आत आले की आधी भिंत बघत आणि मग, जमलं तर, माणसाचं तोंड. "कुठल्या गाढवानं रंगवलंय हे?" हे त्यांचं नमस्काराला उत्तर. अंथुर्ण्याचे हे रंगारी मला कधीच आवडले नाहीत. मीही त्यांना आवडत नव्हतो, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

नाव पडलं ते कामावरून. जुना रंग खरवडून काढल्याशिवाय ते प्रायमरचा डबा उघडत नसत. कोणी घाई केली की म्हणत, "न धुतल्या अंगाला अत्तर लावायचं आसंल, तर दुसरा माणूस बघा."

आमच्या सांगवीच्या घरात मधल्या खोलीची एक भिंत गडद वांगी रंगाची होती. तिथं आई पाठ टेकून बसायची आणि तिच्या केसांच्या तेलाचा डाग पडला होता. ती गेल्यावर वडिलांना, आमच्या तात्यांना, तो डाग बघवेना, म्हणून त्यांनीच त्यावर गडद रंग मारून घेतला. आता त्यांची नजर मंदावली होती. त्या अंधाऱ्या खोलीत दारात कोण उभं आहे तेही कळेना. "घरात माणसं हायत का न्हायत, समजत न्हाय," असं ते एकदा म्हणाले आणि मला गलबलून आलं. भिंत फिकट करायची ठरवली आणि नाइलाजानं आबांना बोलावलं. त्यांच्याइतकं चांगलं काम कोणी करत नव्हतं, हे कबूल करायला आजही जिवावर येतं.

तीन दिवस नुसतं घासणं चाललं. घरभर वांगी धूळ. मी शाळेतून आल्यावर विचारलं, "आबा, प्रायमर कधी?"

"मास्तर, बाराखडी यायच्या आधी निबंध लिव्हाय लावता का पोरास्नी?"

माझ्याच घरात उभं राहून मला असं बोलत. डोकं फिरायचं. शेवटी खालचे डाग दाबणाऱ्या प्रायमरचे दोन हात झाले, वर मोतिया रंगाचे दोन झाले. तात्या खुर्चीतून म्हणाले, "कोण, सूनबाई व्हय?" माझी बायको खरंच दारात उभी होती. मला फार बरं वाटलं, पण आबांना मी ते सांगितलं नाही.

आठवड्याभरात डाग वर आला. आई बसायची तिथंच, ताटाएवढा, पिवळट. मी आबांना बोलावून घेतलं आणि अख्ख्या गल्लीसमोर नको नको ते बोललो. खरवडायचा देखावा करता आणि प्रायमर चोरता, असंही म्हणालो. तात्या आत बसून ऐकत होते. कोणाचा शब्द खाली पडू न देणारे आबा भिंतीकडे बघत राहिले. "व्हय, तितं प्रायमर न्हाय," एवढंच बोलून पिशवी उचलून एसटीला गेले. आमच्याकडे ते परत आले नाहीत.

दोन वर्षांनी आबा वारल्याचं कळलं. तात्यांना सांगितलं तर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"तेवढ्या जागेला प्रायमर मारू नगंस, आसं मीच त्याला म्हणलं हुतं. तवा डाग बघवत नव्हता, आता नजर जाताना तीच जागा बघावी वाटत हुती. तुला सांगू नगंस म्हणून शपथ घातली हुती."

मला तात्यांचाही राग आला. "मग त्या दिवशी गप का बसलात?"

"तू डाग पुसला आसतास."

खरं होतं. पुसलाच असता.

परवा नवा रंगारी घर बघायला आला. त्या डागाशी थांबून हसला आणि म्हणाला, "ही जागा कुठल्या गाढवानं सोडली?" मी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.