हॉर्नवाले काका

काही विचारलं की काका आधी बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचे. मग म्हणायचे, "थांबा. नंबर येऊ द्या माझा." चहा घेता का, विचारलं तरी तेच. उत्तर येईस्तोवर चहा निवून जायचा.

आमच्या गावी, साखऱ्याला, ते म्हातारपणी एकटेच परत आले. पारावर कुणीतरी विचारलं, "मुंबईत काय करत व्हते?"

"हॉर्न वाजवत व्हतो."

झालं! त्या दिवसापासून ते गावाचे ड्रायव्हर काका. विलायती वाद्यांच्या मोठ्या ताफ्यात, मागच्या रांगेत बसून या माणसानं जन्मभर पितळी फ्रेंच हॉर्न वाजवलेला. आणि सेनगावचे जीपवाले त्यांना विचारणार, काका, क्लच काहून घसरून राहिला?

एकदा त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत नळीचं वेटोळंच वेटोळं, आणि तोंड हे एवढं, परातीसारखं.

"इतकं वाकडं? ट्रकाखाली आलं व्हतं का काय?" असं म्हणणारा शहाणा मीच. सगळे खो खो हसले. काकाही हसले, पण पेटी बंद केली. चारचौघांत ती पुन्हा उघडली नाही. ते मला अजून खुपतं.

"घरी वाजवता का न्हाई?" मी एकदा विचारलं.

"एकट्यासाठी काय वाजवायचं? ऐकणारं माणूस लागतं. ताफ्यात साठ-सत्तर मात्रा निस्तं गप बसून मोजायचं, मंग चार सूर. पण त्या चार सुरांसाठी समदे थांबायचे."

आणि मग पेरं न मोजता, झटकन म्हणाले, "तुमी येता का एकदा? न्हाई आवडलं तर उठून जा."

"येतो ना काका. सोयाबीन निघू द्या."

सोयाबीन निघालं. तूर आली. रस्त्यात दिसले की मीच ओशाळून म्हणायचो, "या आठवड्यात नक्की."

"बराबर," अंगठा फिरवत ते म्हणायचे. "मी मोजून राहिलो."

तूर खळ्यावर होती तेव्हा काका गेले. पेटी उशाशी होती, असं शेजारीण म्हणाली.

अंत्ययात्रा रस्त्याला लागली तर जीपवाल्यांनी गाड्या रांगेत उभ्या केलेल्या. आपल्यातला जुना ड्रायव्हर गेला म्हणून सगळ्यांनी एकदम हॉर्न दाबले. कितीतरी वेळ. दारातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, यांचा हॉर्न असा नव्हता रे! पण मग कसा होता, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो मी?